हौसेला मोल नसते, पण माप असते



सन १८९६ च्या जून महिन्याची चार तारीख. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, बॅग्ली अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर एका भाड्याच्या घरामागे विटांची एक लहानशी कोठी होती. दिवसा वीज कंपनीत नोकरी करणारा एक इंजिनिअर रात्री जागून त्या कोठीत स्वतःच्या हातांनी मोटार तयार करीत होता. पहाटेच्या अंधारात गाडी बाहेर काढण्याची वेळ आली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, कोठीचे दार गाडीपेक्षा अरुंद आहे! त्या गृहस्थाने कुऱ्हाड उचलली, दाराशेजारच्या विटा फोडल्या आणि गाडी बाहेर काढली. त्या गृहस्थाचे नाव हेन्री फोर्ड.

आपण हसलात, आणि गोष्ट हसण्यासारखीच आहे. परंतु तीत आजच्या व्याख्यानाचे सारे सार आले. ज्या मनुष्याला यंत्रातील सूक्ष्म फट मोजता येत होती, त्याला दार मोजण्याचे सुचले नाही. हौशी माणसाचे असेच होते. त्याचे सगळे लक्ष गाडीवर असते. गाडी ज्या जागेत उभी राहणार आणि तो स्वतः ज्या जागेत काम करणार, तिच्याकडे त्याचे लक्ष नसते. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण हौसेला माप असावे लागते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

कोणी विचारील की, मोटारींची हौस ही श्रीमंतांची. आम्हां मध्यमवर्गीयांना तिचे काय? वस्तुतः तसे नाही. आपल्या गावात किती तरी अंगणांत, पत्र्याच्या छपराखाली, वडिलांच्या काळची एखादी फियाट, अँबॅसडर किंवा जीप धूळ खात उभी आहे. विकावयास मन होत नाही आणि दुरुस्त करावयास धीर होत नाही. या गाड्यांचे कारखानेही आता थांबले. मुंबईत कुर्ल्याला होणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, ती या शतकाच्या आरंभी बंद पडली. बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ साली थांबली. म्हणजे आता या गाड्या जगावयाच्या, तर त्या घराघरांतूनच जगतील. २०२१ साली केंद्र सरकारने, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच आणता येते. तात्पर्य, ती उपयोगाची वस्तू राहिलेली नसून निखळ हौसेची वस्तू झाली आहे. अशा हौसेसाठी घरी कार्यशाळा कशी बांधावी, हे आता क्रमाने पाहू.

पहिले माप जागेचे. पद्मिनी गाडी सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. तेवढी जागा धरून चार भिंती उभ्या केल्या, तर गाडी आत जाईल, पण माणूस बाहेर राहील. दोन्ही बाजूंची दारे पूर्ण उघडली पाहिजेत. पुढे साठ सेंटिमीटर रुंदीचे कामाचे टेबल आणि त्यापुढे उभे राहण्यास नव्वद सेंटिमीटर हवेत. एवढे धरले की सहा मीटर लांबी आणि साडेतीन मीटर रुंदी ही अगदी कमीत कमी जागा ठरते. सात बाय साडेचार मिळाली, तर समाधानाने काम होते. शिवाय उभ्या गाडीपेक्षा सुटी केलेली गाडी दुपटीहून अधिक जागा व्यापते. बॉनेट, सीट, दारे, इंजिन ही मंडळी एकदा बाहेर आली की पाहुण्यांसारखी पसरतात. म्हणून भिंतींना मांडण्या हव्यात. दार निदान अडीच मीटर रुंद ठेवा, फोर्डसाहेबांचे स्मरण करून. पुढेमागे गाडी उचलण्याचा खांबांचा लिफ्ट बसविण्याचा विचार असेल, तर साडेतीन मीटर उंचीचा हिशेब आजच करा. छप्पर मागाहून वर सरकवता येत नाही.

कागदावरील नकाशापेक्षा माझा विश्वास खडूवर अधिक आहे. मोकळ्या जागेत गाडी उभी करा, चारही दारे आणि बॉनेट उघडा, भोवती आपण स्वतः फिरा, खाली वाका, आडवे व्हा, आणि मग खडूने भिंतीची रेघ ओढा. घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण बांधण्याआधी ते असे आखून पाहावे.

दुसरे माप जमिनीचे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेली फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. ती खोदून काढावी, मुरूम भरून ठोकावा, दगडी सोलिंग करावे आणि वर पंधरा सेंटिमीटर जाडीचे, लोखंडी जाळी घातलेले काँक्रीट टाकावे. घरात शोभते म्हणून येथे शहाबादी फरशी नको. जॅकचा सारा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो आणि तिथे ती तडकते. गुळगुळीत टाइल तर नकोच; तेलाचा थेंब पडला की आपणही पडलोच. काँक्रीटवर निदान दहा-बारा दिवस पाणी मारावे. त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने धरतात, तेव्हा तोवर गाडी आत आणण्याची घाई नको. जमिनीला दाराकडे उतार द्यावा, मीटरला एक सेंटिमीटर पुरे, आणि जोते बाहेरच्या अंगणापेक्षा वीतभर उंच ठेवावे. नाही तर पहिल्याच वळवाच्या सरीत पेचकस आणि पाने पोहू लागतील.

तिसरे माप हवेचे. येथे मी आपले विशेष लक्ष मागतो, कारण आतापर्यंतच्या चुका पैशांच्या होत्या, येथून पुढच्या चुका प्राणाच्या आहेत. मोटारीच्या खोलीत तीन अदृश्य शत्रू असतात. पहिला पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते, आणि ठिणगीची वाट पाहते. दुसरा हायड्रोजन. बॅटरी चार्ज होताना तो निघतो आणि हलका असल्यामुळे छताशी जमतो. तिसरा कार्बन मोनॉक्साइड, इंजिनाच्या धुरातला. त्याचे वजन जवळजवळ हवेइतकेच, म्हणून तो खोलीभर मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने गुंगी येऊ लागली की दार उघडण्याचे भानही उरत नाही. एक खाली बसतो, एक वर चढतो, एक सर्वत्र असतो. म्हणून झरोके जमिनीलगतही हवेत आणि छतालगतही हवेत, समोरासमोर हवेत, आणि इंजिन सुरू करावयाचे, तर गाडी अंगणात आणूनच.

याच कारणाने, गाडीखाली उभे राहता यावे म्हणून खणतात त्या खड्ड्याच्या मी विरुद्ध आहे. मोठ्या गॅरेजांतून तो असतो खरा. पण घरच्या खड्ड्यात पेट्रोलची वाफ उतरते, पावसाळ्यात पाणी उतरते, आणि अंधारात शेजारचे मूलही उतरते. उतरण्याच्या पद्धती तिघांच्या निराळ्या, परिणाम मात्र सारखाच वाईट.

चौथे माप विजेचे आणि अग्नीचे. कार्यशाळेला घरातील दिव्याच्या तारेतून जोडणी घेऊ नये. स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. प्लग जमिनीपासून कमरेइतके उंच ठेवावेत; वाफ खाली असते, ठिणगी वर असावी. दिवा खोलीच्या मधोमध लावण्याची पद्धत येथे निरुपयोगी आहे, कारण बॉनेट उघडले की ते दिव्याच्या आड येते आणि आपण आपल्याच सावलीत काम करू लागतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींशी नळीचे दिवे लावावेत. गाडीखाली नेण्याचा हातदिवा बॅटरीवरचाच असावा. आगीसाठी कोरड्या भुकटीचे, एबीसी जातीचे उपकरण दाराजवळ टांगावे. आतल्या कोपऱ्यात टांगले, तर ते घेण्यासाठी आगीतून जावे लागेल. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. आणि भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरण्याची आपल्याकडील सवय सर्वांनी सोडलीच पाहिजे. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. काळे तेल गटारात नको, डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत करावी.

पाचवे माप वजनाचे. येथे एक स्वतःची गोष्ट सांगतो, ती सांगण्यात भूषण नाही. आमच्या घरी वडिलांची फियाट आहे. एका रविवारी मी ती जॅकवर उचलून खाली आडवा झालो होतो. स्टँड आणलेले होते. ते दोन हातांवर, वेष्टनासकट, भिंतीशी उभे होते. ‘पाच मिनिटांचे तर काम’ असा माझा हिशेब. तेवढ्यात पत्नीने चहासाठी हाक मारली. एक हाक ऐकून उठण्याची माझी ख्याती नाही. पण त्या दिवशी, कोण जाणे कसा, उठलो. कप हातात घेतला आणि मागे धाडकन आवाज झाला. जॅक निसटून गाडी खाली बसली होती. माझा पाना तिच्याखाली होता; मी चार पावले दूर होतो. पत्नी काही बोलली नाही. तिने माझ्या हातातला कप घेतला, कारण तो हिंदकळत होता.

जॅकचा दोष नव्हता. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. त्याच्याकडून मी नको ते काम घेत होतो. सुमारे नऊशे किलोची ती गाडी ‘पाच मिनिटे’ हा शब्द जाणत नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा: सपाट काँक्रीट, जमिनीवर राहणाऱ्या चाकांमागे-पुढे दगड, जॅकने उचलणे, लगेच दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड, मग हाताने गाडी जोराने हलवून पाहणे, आणि त्यानंतरच खाली जाणे. विटा रचून त्यांवर गाडी ठेवू नये. वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. आणि घरात कोणाला तरी सांगितल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.

सहावे माप हत्यारांचे. सगळी हत्यारे एकदम घेण्याचा मोह टाळावा. गाडी पाहून हत्यार घ्यावे. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात, जुन्या जीपला इंचांचे. जवळपासचा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो नट कोणाचेच ऐकत नाही. भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर रंगवावी; संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की कोणते हत्यार इंजिनात राहिले ते लगेच कळते. सुटे केलेले नटबोल्ट पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत, चिठ्ठी लावून ठेवावेत. ‘माझ्या लक्षात राहील’ या वाक्याने जितक्या गाड्या कायमच्या सुट्या राहिल्या, तितक्या गंजाने राहिल्या नसतील.

शेवटचे माप हौशी माणसाला सर्वांत अवघड जाते, ते खर्चाचे आणि वेळेचे. जमीन, वीज, हवा आणि स्टँड यांत काटकसर नको. रंग, मांडण्या, चकचकीत हत्यारपेट्या यांत हवी तेवढी करावी. आपण बहुधा उलट करतो, कारण काँक्रीटची जाडी पाहुण्यांना दाखवता येत नाही. बांधकामाला नगरपालिकेची किंवा सोसायटीची परवानगी आधी घ्यावी आणि हातोड्याची कामे शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी करू नयेत. शेजारी प्रसन्न असला, तर इंजिन उचलण्याच्या दिवशी तोच हात लावावयास येतो.

श्रोतेहो, इतकी मापे सांगितली, ती गाडीसाठी नव्हेत. गाडी काय, धूळ खात आणखी वीस वर्षे उभी राहील. ही मापे माणसासाठी आहेत. माझी मुलगी आता माझ्याबरोबर काम करते. पाना हाती घेण्याआधी ती गाडी हलवून पाहते, आणि स्टँड लावलेले असले तरी मला विचारते, “बाबा, लावले ना?” ती गाडी पुन्हा रस्त्यावर येईल तेव्हा येईल. पण हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या खोलीत लागली, ती खोली बांधल्याचे सार्थक झाले असे मी समजतो.