ओल्या परसातील जास्वंद आणि तिचे रानातले सोयरे



वसंतातील व्याख्यानांत इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांची गर्दी असते. त्यांत फुलझाडाला एक संध्याकाळ द्यावी काय, अशी शंका कोणाला आली तर ती रास्त आहे. पण पाऊस आता पाच-सहा आठवड्यांवर आला आहे. परसात काही लावावयाचे तर त्याचा विचार याच दिवसांत झाला पाहिजे. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

उदाहरणाला गाव घेतो ते मार्गासनी. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला वळून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. साखर, गुंजवणे या वाटेने राजगडावर जाणाऱ्यांना ते ठाऊक आहेच. गुंजवणीच्या खोऱ्यातील या गावांत एका वर्षात दोन निराळे देश नांदतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खाचरे तुडुंब असतात आणि परसात पाय रुततो. तीच जमीन चैत्र-वैशाखात टणक होऊन भेगाळते. अशा जागी जास्वंद कशी टिकवावी आणि जास्वंदच का लावावी, हे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नापाशी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ओल निराळी आणि साचलेले पाणी निराळे. जास्वंदीला ओल प्रिय आहे, म्हणून आपल्या बायकांनी ती मोरीच्या पाटाजवळ, केळ, अळू आणि कर्दळीच्या शेजारी लावली. पण अळू चिखलात आनंदाने राहतो, जास्वंद राहत नाही. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने दीर्घकाळ व्यापली की मुळे गुदमरतात, मग कुजतात. पाने पिवळी पडतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. वर पाहणाऱ्याला वाटते, झाड सुकते आहे, आणि उघडीप मिळताच तो आणखी एक बादली ओततो! यातली खोच अशी की, गणपतीला तांबडी जास्वंद हवी असते ती भाद्रपदात, म्हणजे मुळे दोन-अडीच महिने भिजून झाल्यावर.

यावर उपाय सोपा आहे. चिकण जमिनीत खोल खड्डा खणून त्यात खत-माती भरण्याची आपली रीत आहे. कोरड्या देशी ती उत्तम. पण पाणथळ जागी असा खड्डा म्हणजे झाडाच्या बुडाशी बांधलेला हौदच होय. सभोवारचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडत नाही. तेथे खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. वीत-दीड वीत उंच, हात-दोन हात रुंद असा मातीचा ओटा रचावा. त्यात कुजलेले शेणखत आणि थोडा मुरूम मिसळावा, आणि बाजूने उताराकडे चर काढावा. हे काम आत्ता, जमीन कोरडी असताना करावे. छाटणी हिवाळा सरताना करावी, कारण कळी येते ती नव्या फुटीवर. आषाढ-श्रावणात कोयता चालविला तर भाद्रपदातली फुले आपणच कापली असे होते. नवी रोपे करण्यासाठी मात्र पेन्सिलीएवढ्या जाडीचे फाटे पावसाच्या आरंभी खोचावेत. ते लौकर मुळे धरतात.

आता दुसरा प्रश्न. जास्वंद आपली म्हणावी काय? देवघरात तिचे स्थान पक्के आहे, पण रानात ती आपोआप उगवलेली कोणी दाखवीत नाही. लिनीयसने १७५३ साली तिला नाव दिले ते 'चीनचा गुलाब' या अर्थाचे. माणसाने फाटे लावून लावून देशोदेशी नेलेले असे हे झाड आहे, आणि आपल्याकडे त्याला सहसा बीही धरत नाही. घरात आलेल्या सुनेला आपण परकी म्हणत नाही, तसे जास्वंदीलाही म्हणू नये. परंतु सून आली म्हणून घरच्या लेकी विसराव्यात काय?

या लेकी कोण? श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर आणि बांधांच्या कडेला पिवळ्या, पोटात गडद जांभळा डाग असलेल्या मोठ्या फुलांची झाडे दिसतात. लोक त्यांना सरसकट रानभेंडी म्हणतात. वस्तुतः त्या एका नावाखाली एकाहून अधिक जाती आहेत. एक भाजीच्या भेंडीची सख्खी, दुसरी भेंडाच्या वृक्षाच्या गोतातली. कस्तुरभेंडी ही तिसरी. तिच्या बियांना कस्तुरीसारखा वास येतो. कोकणात खाडीकाठी बेलपाटा वाढतो. त्याचे फूल सकाळी पिवळे असते आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होते. पाच पाकळ्या, मधोमध केसरांची नळी, आणि एका दिवसाचे आयुष्य, हा सगळा घराण्याचा ठसा आहे. कापूस आणि अंबाडी याच घराण्यातली.

मार्गासनीसारख्या गावातील परसाला यांतली रानभेंडी विशेष मानवते. आपला पाऊस आणि आपला उतार यांच्याशी तिचे जुळलेले आहे. पाऊस पडला की उगवावे, भाद्रपदात फुलावे, बी धरून वाळावे. उन्हाळ्यात पाणी घालण्याची चिंता नाही. लावावयाची ती बियांपासून. हिवाळ्यात बोंडे तडकू लागली की अनेक झाडांवरून थोडी थोडी घ्यावीत. झाड उपटून आणू नये. बियांचे कवच कठीण असते, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मृगाच्या सुमारास पेरावे. जागा उताराची आणि उन्हाची असावी. खोडावर व बोंडांवर कूस असते, तेव्हा फडके गुंडाळून हात लावावा. भाजीच्या भेंडीपासून मात्र ती दूर ठेवावी, कारण दोघींचे किडे सामाईक असतात.

कोणी म्हणेल, हे तर तण! भेंडीच्या पिकावर हळद्या रोग पडतो. पांढरी माशी तो पसरविते, पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि शेतकऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात दिली. तिच्यासाठी 'पुसा सावनी' या लागवडीच्या भेंडीचा संकर रानटी नात्यातील एका जातीशी करण्यात आला होता. माळ्याने ज्याला तण म्हटले, त्याच्या नात्यागोत्यातून पिकाला बळ मिळाले. हवाई बेटांनी १९२३ साली नुसती 'जास्वंद' हे आपले फूल ठरविले होते. १९८८ साली त्यांनी विचारपूर्वक आपल्याच बेटांवरची पिवळी रानजास्वंद निवडली, आणि ती तोवर दुर्मिळ झालेली होती. मान देण्याची वेळ झाड विरळ झाल्यावर यावी, यात भूषण नाही.

आपल्याकडे अजून वेळ आहे. पण रस्ता रुंद होतो तेव्हा बांध जातो. बांधावर तणनाशक पडते तेव्हा बी जाते. एकदा गेलेले बी रोपवाटिकेत विकत मिळत नाही, कारण रोपवाटिका मागणी असेल तेच ठेवते. म्हणून माझे मागणे मोठे नाही. या पावसाळ्यात जास्वंदीसाठी एक ओटा रचा. भाद्रपदात रानभेंडी कोठे फुलते ते पाहून ठेवा आणि मार्गशीर्षात तिची चार बोंडे घरी आणा. पुढच्या मृगाला ती पेरा. देवाला तांबडे फूल वाहा, आणि कुंपणाशी पिवळे फुलू द्या. एका परसात दोघींना पुरेल एवढी ओल आपल्या खोऱ्याला लाभलेली आहे.