ग्रंथांची नोंद आणि आपला हक्क

(घाटकोपर येथे वाचनालयाच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या वाचनालयाची दाखल नोंदवही आणि तालिकापत्रे संगणकावर आणण्याचे आपण योजिले आहे. हे काम इष्ट आहे, यात वाद नाही. 'कोहा'सारखी मुक्त प्रणाली २००० सालापासून वापरात आहे आणि तिला परवान्याचे शुल्क पडत नाही. तेव्हा लहान संस्थेला हे परवडणारे नाही, ही सबब आता टिकत नाही. प्रश्न आहे तो आधी काय नोंदवायचे, हा. आणि माझ्या मते साऱ्या कामाचे बरेवाईट ह्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

सर्वसाधारण पद्धत अशी की, ग्रंथावरील आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, यंत्राला दिला की दुसऱ्या ग्रंथालयाने पूर्वी केलेली नोंद आयती उतरवून घेता येते. काम झपाट्याने पुढे सरकते. परंतु ह्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७० साली ठरले. त्यापूर्वी छापलेल्या प्रतींवर तो कोठून असणार? नंतरच्या काळातही परिषदांची निवेदने, जयंतीच्या स्मरणिका, जलशांच्या गीतपुस्तिका यांना तो बहुधा मिळालाच नाही. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९३० ची 'जनता', १९५६ चा 'प्रबुद्ध भारत' ही तर नियतकालिके. त्यांचे सुटे अंक कोणाच्या पेटीतून आपल्याकडे आले, तर प्रत्येक अंकाची नोंद हातानेच करावी लागेल.

असा गठ्ठा 'मागाहून पाहू' म्हणून बाजूला ठेवला जातो. पुढे, जे संगणकावर नाही ते संग्रहातच नाही, असा समज रूढ होतो. आणि जागा अपुरी पडली की रद्दीची वाट प्रथम त्याच गठ्ठ्याला दाखविली जाते. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्याचे पहिले छापील शब्द नाहीसे व्हायला कोणाचा द्वेष लागत नाही; एवढी हयगय पुरते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, यंत्र जे ओळखत नाही ते आधी नोंदवा. ते जे ओळखते, ते मागाहूनही होईल.

दुसरी सूचना नावांविषयी. याच घाटकोपरात, चिरागनगरच्या वस्तीत, अण्णा भाऊ साठे राहिले. १९५९ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. नोंद करणाऱ्याने एकदा 'अण्णा भाऊ', एकदा 'अण्णाभाऊ' आणि एकदा 'तुकाराम भाऊराव साठे' असे लिहिले, तर यंत्राच्या हिशेबी ते तीन निरनिराळे लेखक ठरू शकतात. आणि चिरागनगरच्या मुलाला आपल्याच लेखकाची निम्मी पुस्तके सापडणार नाहीत. यास्तव प्रत्येक लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवावे आणि इतर रूपांवरून त्याकडे निर्देश द्यावा. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या याद्या असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणून मूळ वहीशी ताडून पाहाव्यात.

तिसरी सूचना वकील म्हणून करतो. काम संपल्यावर जुनी दाखल नोंदवही टाकून देऊ नये. ग्रंथ कधी आला, विकत घेतला की देणगी मिळाला, ह्याचा मूळ पुरावा तीच होय. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये संगणकीय नोंद पुराव्यात दाखल करता येते; पण तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. उद्या एखाद्या देणगीदाराच्या वारसांनी संग्रहावर हक्क सांगितला, तर ग्रंथपालाच्या हस्ताक्षरातील ती वहीच आपल्या बाजूने उभी राहील. म्हणून प्रत्येक नव्या नोंदीत जुना दाखल अंक कायम ठेवावा, आणि संगणकातील माहितीची एक प्रत नियमाने दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

१९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी दुसऱ्या जहाजाने पाठविलेले ग्रंथ ते जहाज बुडाल्याने गेले. त्यांनी पुन्हा संग्रह केला आणि त्याच्यासाठी दादरला 'राजगृह' बांधले. ते ग्रंथ बाजारात पुन्हा मिळण्याजोगे तरी होते. आपल्या गठ्ठ्यातील चोपडीची दुसरी प्रत कदाचित कोठेच नसेल. तेव्हा दोघादोघांनी बसावे; एकाने वाचून दाखवावे, दुसऱ्याने टंकावे, आणि आरंभ त्या गठ्ठ्यापासून करावा.

जय भीम.