विणकामाची पिशवी आणि मोत्याची साखळी



दसऱ्याला सोनं लुटून झालं की आपल्या देशावरची हवा पालटते. पहाटे गवतावर दव पडू लागतं आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेले गरम कपडे आठवतात. ज्यांना विणता येतं त्यांच्या सुया याच दिवसांत बाहेर निघतात. त्यातून शिक्षक मंडळींना शनिवारी सकाळची शाळा, रविवारी सुट्टी आणि पुढं दिवाळीची रजा. अशा वेळी विणकामाची पिशवी खांद्याला अडकवावी, घरच्या कुत्र्याला बरोबर घ्यावं आणि गावाबाहेरच्या माळावर जावं, हे सांगायला मी आज आले आहे.

आपण म्हणाल, विणकामाचा आणि कुत्र्याचा संबंध काय? सांगते. कुत्र्याला भाकरीइतकीच आपली सोबत हवी असते. पण आपल्याला रिकामं बसणं जमत नाही, जिवाला चुटपुट लागते. विणकाम हे असं काम आहे, की ते माणसाला एका जागी बसवतं आणि तरी डोळे मोकळे ठेवतं. एक सुलट, एक उलट अशी साधी वीण हात बसला की न बघता होते. तास-दीड तास झाडाखाली बसलात, तर कुत्रं आसपास हुंगून येतं आणि तुमच्या पायाशी अंग टाकतं.

दुसरं असं, की विणणाऱ्याची बोटं डोळस असतात. सुटलेला टाका डोळ्यांआधी बोटांना कळतो. हीच बोटं आश्विन-कार्तिकात कुत्र्याच्या फार उपयोगी पडतात.

या दिवसांत माळावरचं कुसळी गवत वाळतं. कुसळ म्हणजे त्या गवताचं बी. त्याचं टोक सुईसारखं असतं, त्यावर मागं वळलेले बारीक केस असतात आणि शेपटासारखी लांब पिळदार काडी असते. दमट हवेत ही काडी उलगडते, उन्हात पुन्हा पिळली जाते. या पिळानं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. बियाला मातीत रुजण्यासाठी निसर्गानं केलेली ही सोय. पण तेच बी कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेलं, तर तिथंही तसंच आत आत जातं. उलटे केस त्याला मागं येऊ देत नाहीत. मग जागा सुजते, पिकते.

आमच्या घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. एकदा कार्तिकातल्या रविवारी टेकडीवरून परतल्यावर तो सारखा मान झटकू लागला, डोकं एका बाजूला कलतं धरू लागला. कान चाचपून पाहिला तर आत कुसळाचं शेपूट बोटाला लागलं. ओढलं असतं तर तुटून टोक आत राहिलं असतं. म्हणून तसंच त्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं अख्खं कुसळ काढलं. दोन दिवसांत मोत्या पूर्ववत झाला.

तेव्हा फिरून आलात की आधी कुत्र्याच्या अंगावरून उलट्या केसांनी हात फिरवा. पायांची बेचकी, कानांच्या पाळ्या, काखा, गळपट्ट्याखालची जागा बघा. गोचीड सापडली तर बोटांनी चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. स्वतःच्या स्वेटरला लागलेली कुसळं मागाहून वेचा.

ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. म्हणून सकाळी लवकर निघा आणि पाणी बरोबर असू द्या. दिवाळीच्या सुमाराला पुष्कळ धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेत मेंढरं दिसली की आपल्या कुत्र्याला साखळी लावा. त्यांची कुत्री लांडग्यापासून कळप राखतात, परक्या कुत्र्याला ती जवळ येऊ देणार नाहीत. पण आपण मात्र थांबून मेंढपाळाशी बोला. आपली दख्खनी मेंढी काळ्या, राठ लोकरीची. त्या लोकरीचा स्वेटर अंगाला टोचतो; पण तिचं सूत काढून विणलेलं घोंगडं थंडीलाही चालतं आणि पावसालाही. सुया चालवणाऱ्याला त्या घोंगड्यामागचे कष्ट चटकन कळतात.

दिवाळीत फटाक्यांनी कुत्रं भेदरतं. त्याला रागावू नका, अंगणात बांधून ठेवू नका. आतल्या खोलीत दार-खिडक्या लावून त्याच्याजवळ विणकाम घेऊन बसा. आपण शांत असलो की त्यालाही धीर येतो. फराळाचं ताट मात्र लांब ठेवा. चिवड्यातले बेदाणे, कांदा, लसूण, तसंच चॉकलेट, हे कुत्र्याला विषासारखं बाधतं. आणि लोकरीचा गुंडा पिशवीतच असू द्या. गिळलेल्या धाग्यानं आतडी गोळा होतात, प्रसंगी जिवावर बेततं. धागा तोंडातून लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी, कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला पिसाळरोगाची लस देण्यास सुरुवात केली आणि तो मुलगा जगला. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. आपल्या कुत्र्याच्या लशीसाठी हीच तारीख लक्षात ठेवा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस टोचावी आणि पुढं डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात एवढं जरूर सांगावं: कोणतंही कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस गेले, आता लस दंडात देतात. पण रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली, की मग माणूस हाती लागत नाही. मुलांनी भीतीपोटी घरी चावा लपवू नये, म्हणून हे प्रेमानं सांगायला हवं.

श्रोतेहो, स्वेटर वीस वर्षं टिकतो. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं, म्हणजे त्याच्या वाट्याला शरद ऋतूही तेवढेच. त्यातले दोन-तीन त्याच्या पोरवयात जातात, शेवटचे दोन-तीन उन्हात पडून राहण्यात. माळावर हुंदडायचे रविवार मोजकेच असतात, ते कामाच्या रगाड्यात जाऊ देऊ नका. येत्या रविवारी सकाळी सुया, लोकर, पाण्याचा तांब्या आणि साखळी घ्या, आणि परतल्यावर कान तपासायला विसरू नका.