सोलापूरचा गड्डा आणि सोलापूरचें ताट

सोलापूर स्टेशनावर दररोज शेंकडों पाहुणे उतरतात, पण बहुधा दुसरीकडे जाण्याकरितां. कोणी तुळजापूरची वाट धरतो, कोणी अक्कलकोटची, कोणी पंढरपूरची. जातां जातां एखादी चादर घेतली कीं सोलापुराशीं त्यांचा संबंध संपतो. चादर उत्तमच असते. परंतु ज्याला खरें सोलापूर पाहावयाचें असेल त्यानें संक्रांतीच्या सुमारास चार-पांच दिवस मोकळे काढून यावें. त्या वेळीं येथें एक लग्न लागतें आणि त्या लग्नांत नवरदेव म्हणून कोणीहि मनुष्य उभा राहत नाहीं.

बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. त्यांनीं वचनें रचलीं तीं कानडींत. आख्यायिका अशी कीं, एक कुंभारकन्या त्यांच्या अंगणांत नित्य सडा-रांगोळी करी, आणि तिनें त्यांच्याशींच विवाह करण्याचा हट्ट धरला. योगी संसारांत कसा पडणार? त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह करण्यास तिला अनुमति दिली. नंदीध्वज हे त्याच दंडाचें प्रतीक. असे सात ध्वज आहेत, आणि त्यांचा मान निरनिराळ्या समाजांकडे चालत आला आहे. उंच, जड काठी उभी तोलून गर्दींतून नेणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. त्याचा सराव कितीतरी दिवस आधीं सुरू होतो.

पहिल्या दिवशीं पांढऱ्या बाराबंदींतील भक्तांसह ध्वज निघतात व शहर-परिसरांतील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशीं तळ्याकांठच्या संमति कट्ट्यावर अक्षता. संमतीचें वाचन होतें, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ असा घोष उठतो आणि लोकांच्या हातांतून तांदूळ उधळले जातात. घरीं मराठी, कानडी, तेलुगु वा उर्दू बोलणारा, कोणीहि तेथें वऱ्हाडीच असतो. पाहुण्यालाहि निमंत्रणपत्रिका लागत नाहीं. तिसऱ्या दिवशींचा होम मात्र पाहणाऱ्यास गंभीर करतो. बाजरीच्या पेंढीला नवरीसारखें सजवून अग्नींत अर्पण करतात. कुंभारकन्येच्या कथेचा हा शेवट गोड नाहीं, आणि सोलापूरकरांनीं तो गोड करूनहि घेतलेला नाहीं. त्याच रात्रीं उपाशी ठेवलेल्या वासरापुढें धान्यें मांडून भाकणूक ऐकतात. पाऊसपाण्याविषयीं वेधशाळा आपलें सांगतेच. पण वासराचें म्हणणें ऐकल्याशिवाय शेतकरी मंडळी घरीं जात नाहींत.

यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येते. १९३० च्या मे महिन्यांत या शहरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फांशी देण्यांत आलें. त्यांचे पुतळे पाहिल्यावांचून पाहुण्यानें मैदानावरील पाळण्यांकडे वळूं नये.

पोटाची गोष्टहि महत्त्वाचीच. सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा. काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. तिची पातळ भाकरी निखाऱ्यावर पार कडक करतात. ती कित्येक दिवस टिकते. तिच्या जोडीला शेंगाची चटणी. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरें, मीठ हें सारें उखळांत तेल सुटेपर्यंत कुटावें लागतें. यंत्रांतून काढलेली कोरडी पूड पुडींत भरून विकतात. तिला चटणी म्हणणें हा जिभेचा अपमान आहे. वर दह्याचा गोळा घ्यावा. गव्हाची, गुळाची हुग्गी मिळाली तर मागून घ्यावी; नांव कानडी, पण वाढतांना कोणी भाषा विचारीत नाहीं.

मंदिराच्या तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. तो सकाळींच पाहावा. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० सालीं याच शहरांत जन्मले, १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ सालीं तेथेंच वारले. त्यांचें स्मारकहि येथें आहे. पूर्व भागांत तेलुगु विणकरांच्या गल्ल्यांतून माग अजून खडखडतात. चादर घ्यावयाची ती तेथें घ्यावी.

चौथ्या रात्रीं शोभेचें दारूकाम होतें आणि मग कप्पडकळीच्या विधीनें ध्वजांचीं वस्त्रें उतरतात. होम मैदानावरील दुकानें आणि पाळणे पुढेंहि बरेच दिवस राहतात. उशिरां येणाऱ्यास निदान तेवढें तरी लाभतें.