लॉगिन झालं, पण ड्राइव्ह कुठंय?

आज भूममधल्या एका ऑफिसचा किस्सा. नाव सांगत नाही, पण हे तुमच्याही ऑफिसात घडू शकतं.

सकाळी दहाला लोक खिडकीपाशी उभे, आणि ऑपरेटर ताईंच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरच्या फोल्डरचा ड्राइव्ह गायब. रोजचंच. साहेब म्हणायचे, "ताई, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबता." नोकरी कंत्राटी, त्यामुळं ताई गप्प बसायच्या.

मी बघायला गेलो. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर. ड्राइव्ह जोडणारी लॉगिन स्क्रिप्ट हाताने चालवली, तर ड्राइव्ह लगेच आला! म्हणजे स्क्रिप्ट चांगली होती. मग सकाळी काय बिघडायचं?

स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ टाकली. सुरू झाल्याची वेळ त्याच कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये लिहायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटवर्क मिळाल्याची वेळ बघितली. स्क्रिप्ट १८ सेकंद आधीच चालून मोकळी!

कारण असं. तिथं ८०२.१एक्स आहे, म्हणजे ओळख पटल्याशिवाय स्विचचा पोर्ट उघडत नाही. आणि ओळख पटायची ताईंच्या लॉगिननंतर. मग नेटवर्क नसताना लॉगिन कसं व्हायचं? विंडोज आधीच्या लॉगिनची माहिती जपून ठेवतं आणि त्यावरच आत सोडतं. म्हणून सगळ्यांना वाटायचं, नेटवर्क आहेच.

आधी मी स्क्रिप्टला ३० सेकंद थांबायला लावलं. काही दिवस चाललं, मग जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा तेच. 'नेटवर्कची वाट बघा' ही ग्रुप पॉलिसीही एकटी पुरत नाही. पोर्टच लॉगिननंतर उघडणार असेल, तर आधी वाट बघून काय उपयोग?

खरा उपाय म्हणजे कॉम्प्युटरलाच स्वतःचं सर्टिफिकेट द्यायचं. मग मशीन सुरू होतानाच ओळख पटते, पोर्ट लॉगिनआधी उघडतो. आता ती पॉलिसीही कामाला येते. शिवाय स्क्रिप्टला सांगितलं, सर्व्हर सापडेपर्यंत जास्तीत जास्त १ मिनिट पुन्हा पुन्हा बघ, नाहीच सापडला तर स्क्रीनवर स्पष्ट मेसेज दे.

आणि हो, तुमचा ड्राइव्ह बरोबर ५ मिनिटांनी येत असेल तर दुखणं वेगळं. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतल्या लॉगिन स्क्रिप्ट मुळातच ५ मिनिटं उशिरा चालतात. ती वेळ पॉलिसीतच बदलता येते.

आधीच्या त्या दोन्ही वेळा छापून मी साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी कागद बघितला आणि ताईंना म्हणाले, "चूक तुमची नव्हती."

तेव्हा मंडळी, माणसाला बोल लावण्याआधी लॉग उघडा. भेटू पुढच्या भागात!