दोन सह्या

(अमरावती येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जागेत पैसे घालताना वाटणारी भीती कशी घालवली, ते सांगा म्हणून मला बोलावलंय. ती पूर्ण गेलेली नाही, हे आधीच सांगते. मी अकोल्याला शाळेत गणित शिकवते, माहेर इथलंच. माझ्या नावावर एक फ्लॅट आहे. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एवढ्यावर कोणी तज्ज्ञ होत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात मी दोन वेगवेगळ्या कामांसाठी गेले. पहिल्यांदा अब्बा गेल्यावर. अम्मी आधीच गेलेली, आम्ही दोन भाऊ आणि मी. शरियतप्रमाणे भावांना दोन-दोन, मला एक, म्हणजे माझा पाचवा हिस्सा. गणित शिकवणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण वाटा मागितला की माहेर तुटतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. हक्कसोडपत्र समोर ठेवलं, जागा दाखवली, मी सही केली. वाचलंही नाही. भावांवर माझा राग नाही. न वाचल्याचा मात्र अजून येतो.

पुढे भिशी आणि पगारातून दहा लाख जमले. जून 2022 आठवतोय? आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा थर 105 तास 33 मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नाव गेलं. लगेच त्या रस्त्यालगतचे प्लॉट विकणारे दलाल फिरायला लागले. एकानं मलाही नेलं. चुन्याच्या रेघा, रंगवलेलं गेट, 'भाव डबल होणार'. मी गट नंबर विचारला, तर म्हणाला, "मॅडम, सोबत कोणी जेंट्स नाही का?" नंबर दिला शेवटी, पण मी घरी आले ती अगदी खजील होऊन. तीन रात्री हेच डोक्यात, की हे आपलं काम नाही, आपल्याला कळत नाही.

आमच्या शाळेचे शिपाईकाका घरची शेती करतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, तो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि बाराच्या भागावर बोट ठेवलं. "पाहा मॅडम, इथं तं सोयाबीन लिहेल हाये. प्लॉट कुठी हाये?" मग 'इतर अधिकार' दाखवलं, तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा. अकृषक परवानगीची नोंद कुठेच नाही. शेतजमिनीचे मनाला येतील तसे तुकडे पाडता येत नाहीत, तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. आणि मी शेतकरी नाही, शेतजमीन मला घेता येणार नव्हतीच. दलालाला हे विचारलं, तर म्हणाला, एनए होऊन जाईल. आदेश दाखवा म्हटल्यावर त्याचे फोन बंद झाले. त्या रात्री मी नीट झोपले. मला कळत नव्हतं हे खरंच होतं, पण ते अर्ध्या तासात शिकता येण्यासारखं होतं.

मग फ्लॅट बघायला लागले. एका ठिकाणी सगळं पसंत पडलं, त्यांनी नाव विचारलं आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवायचे आहेत. अशा वेळी माणूस आपल्यातच खोट शोधतो, मीही शोधली. नव्हती.

दुसरा मिळाला, चौदा लाखांचा, जुना. कर्ज काढायचं का, यावर घरात दोन महिने वाद. व्याजाबद्दल नणंदेचं मत एक, माझं दुसरं. शेवटी मेहरचं सोनं मोडलं, ते माझंच होतं. वकिलानं तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, मी सूची 2, घरपट्टी आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला पाहिला. नवी इमारत असती तर महारेराच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांकही पाहिला असता. एप्रिल 2021 पासून बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. माझे चौदा हजार वाचले. मोकळ्या प्लॉटला ती नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या सहीच्या वेळी मी कागद ओळ न् ओळ वाचला. मागे रांगेत कुरकूर सुरू झाली. चतुःसीमेत पूर्वेला जिना लिहिला होता, तिथे रस्ता आहे. कागद पुन्हा टाइप झाला, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. गेले.

आता हिशेब. भाडं साडेपाच हजार, वर्षाचे सहासष्ट हजार. घरपट्टी, देखभाल, एखादा रिकामा महिना वजा जाता पन्नासेक हजार उरतात. चौदा लाखांवर साडेतीन टक्के. बँकेतली ठेव याहून जास्त देते. भाव वाढला तर वाढला. म्हणून कोणी सहा महिन्यांत दुप्पट म्हणालं, तर आधी कागदावर भागाकार करा.

शिपाईकाका आज माझ्यासोबत आलेत, मागे बसलेत. ज्यांनी सातबारा किंवा खरेदीखत आणलंय, त्यांनी चहा झाल्यावर तिकडच्या टेबलावर या. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्स चालेल.