विकावयाच्या मोटारीचे छायाचित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'काहीतरी उपयोगाचे बोला' असे सांगितले, तोपर्यंत उपयोगाचे सारे विषय वाटून झाले होते. वाळवणे गेली, मुलांचे दात गेले, बचतीचे मार्गही गेले. राहता राहिले एवढेच, की गेल्या काही वर्षांत मी एकटीने काय केले असेल तर एक मोटार विकली. आणि ती विकता विकता मोटारीचा फोटो कसा काढावा हे शिकले. ज्या बाईला मोटार चालवता येत नाही तिने या विषयावर बोलावे हे थोडे हसण्यासारखेच आहे. आपण हसावे, पण ऐकावे.

आमची गाडी २०१२ सालची, रुपेरी रंगाची वॅगन-आर. ह्यांनी ती निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली होती. २०२२ साली हे गेले. गाडी अंगणात उभी राहिली. प्रथम ती माझ्या नावावर करून घ्यावी लागली; मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून अर्ज करायचा असतो, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लक्षात ठेवावे. ते झाल्यावर भाचा पुण्याहून आला आणि म्हणाला, "मामी, आता फोनवरच जाहिरात टाकायची, फोटो टाकले की झाले." भर दुपारी साडेबारा वाजता त्याने अंगणात उभ्या उभ्या पाच फोटो काढले आणि जेवायला बसला.

ते फोटो मी अजून जपून ठेवले आहेत. बॉनेट उन्हाने पांढरे फटक झालेले, खाली चाकांच्या जागी नुसता काळोख. मागे दोरीवर माझी वाळत घातलेली लुगडी, कोपऱ्यात गॅसचा सिलिंडर. एका फोटोत आमचा नळाचा खांब गाडीच्या टपातून उगवलेला. आणि डाव्या दारावर, पाहाल तर, अर्ध्या चड्डीतला आमचा भाचा हातात मोबाईल घेऊन स्पष्ट उभा. एका गृहस्थांनी फोन करून विचारले, "भंगारात द्यायची आहे का?"

पण माझे खरे दुःख त्या फोटोंत जे दिसत होते त्याचे नाही. जे दिसत नव्हते त्याचे आहे. आपण सांगलीच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि धोक्याची खूण ४५ फुटांची आहे, हे येथे कोणाला सांगावयास नको. आमचे घर गावभागात. पाणी गाडीच्या सीटच्या गादीला लागले होते. ह्यांनी एक शहाणपण केले. पाणी ओसरल्यावरही कोणाला किल्ली फिरवू दिली नाही, गाडी ओढून कारखान्यात नेववली. म्हणून इंजिन वाचले. पाणी शिरलेले इंजिन चालू करू गेले म्हणजे ते आतून मोडते. सीटा काढून वाळवल्या, खालचा गालिचा नवा टाकला, आणि पुढे तीन वर्षे ती बिनतक्रार चालली. तरीही ती पुरातली गाडी होती. जाहिरात पाहून प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारी. भाच्याने फोनवर दडपून सांगितले, "नाही हो." मी शेजारी बसून भाजी निवडीत होते. मी काही बोलले नाही.

मग एका रविवारी जतहून एक तरुण मास्तर आणि त्यांचे वडील एस.टी.ने आले. मुलगा रंग पाहत होता. म्हातारबुवांनी मात्र दार उघडले, चालकाच्या सीटचा पट्टा हातात धरला आणि विहिरीचा दोर ओढावा तसा शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी जो भाग कधी बाहेर येत नाही त्यावर तपकिरी रेघ होती. त्यांनी तीवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. "बाई," ते म्हणाले, "आमच्याकडं पाऊस नाही, पण पुराची माती ओळखू येती." भांडण नाही, तंडण नाही. चहा ठेवला होता तो मात्र त्यांनी घेतला नाही. दोन माणसांचा येण्याजाण्याचा खर्च आणि एक रविवार मी फुकट घालवला होता.

आमच्या गल्लीत पूर्वी एक स्टुडिओ होता. आता तो बंद आहे, पण चालवणारे गृहस्थ आहेत. मी त्यांच्याकडे गेले. जाताना थोडी लाज वाटत होती, त्याचे कारण जुने आहे. माझे लग्न ठरवायच्या वेळी, १९७४ साली, मला 'दाखवायचा' फोटो त्यांच्या वडिलांनी काढला होता. माझ्या गालावर देवीचे दोन व्रण आहेत. थोरल्या मास्तरांनी बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर ते असे भरून टाकले की छापील फोटोत गाल लोण्यासारखा. आईला आनंद झाला. पहिल्या स्थळाच्या बाई बघायला आल्या, त्यांनी पिशवीतून फोटो काढला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. ते स्थळ परत आले नाही. पुढे ज्या घरी मी पडले त्यांनी फोटो मागितलाच नव्हता. असो.

स्टुडिओवाल्यांनी भाच्याचे फोटो पाहून एकच वाक्य सांगितले, "वहिनी, गाडी म्हणजे आरसा. तुम्ही गाडीचा फोटो काढत नाही, गाडीत जे दिसतंय त्याचा काढता." भगिनींनो, घासलेले स्टीलचे पातेले हातात धरून स्वयंपाकघरात एक फेरी मारा. खिडकीपाशी ते एक दिसते, ट्यूबलाइटखाली दुसरे, आणि आपले तोंड तर त्यात कोठेही दिसतेच. मोठ्या स्टुडिओत मोटारीचे फोटो घेतात तेव्हा गाडीच्या डोक्यावर खोलीएवढा पांढरा पडदा टांगून त्याचाच उजेड अंगावर पाडतात, ते एवढ्याचसाठी. आपल्याला हा पडदा देव फुकट देतो; सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास, मावळण्याआधीचा शेवटचा तास, किंवा सगळे आभाळ एकसारखे ढगाळ असलेला दिवस. गाडी अंगणातून काढून मोकळ्यावर न्यायची. आम्ही शाळेच्या पटांगणात नेली. आसपास भिंत, झाड, खांब नसला म्हणजे दारावर नुसते आभाळ आणि जमीन दिसते, आणि मधली रेघ गाडीच्या अंगावरून सरळ धावते. ऊन आपल्या पाठीशी असावे. पण अगदी पाठीशी नव्हे, तिरपे, नाहीतर आपलीच लांब सावली बॉनेटवर निजते.

आता अंतराचे. बायका गाडीजवळ उभ्या राहून फोटो काढतात, आणि मोबाईलच्या रुंद डोळ्याने जवळचा भाग फुगतो. अगदी जवळून काढलेल्या फोटोत माणसाचे नाक मोठे दिसते तसा. आठ-दहा पावले मागे जायचे आणि मग दुप्पट जवळ ओढून काढायचा. गाडीचा खरा बांधा तेव्हा दिसतो. उंचीही तशीच. उभ्याने काढला तर गाडी खेळण्यातली वाटते. डोळा दिव्यांच्या पातळीला आणावा. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी बादली उलटी घालून तीवर बसले. शाळेचा शिपाई लांबून पाहत होता, त्याला काय वाटले असेल ते असो.

आणखी एक. मोबाईल साऱ्या जगाला करड्या रंगाचे समजतो. पांढरी गाडी तो मळकट करतो, काळी गाडी राखेसारखी. पडद्यावर गाडीला बोट लावायचे आणि उजेड कमीजास्त करून डोळ्यांना दिसतो तो रंग आणायचा. साडी घेताना आपण दुकानाच्या दारात उन्हात नेऊन पाहतोच की.

स्टुडिओवाल्यांकडे जुनी इंग्रजी मासिके आहेत. त्यांतल्या अमेरिकन पाँटियाक गाड्यांच्या जाहिराती त्यांनी मला दाखवल्या. गाड्या कशा, तर दिवाणखान्याएवढ्या रुंद. मी म्हटले, केवढ्या या गाड्या! ते हसले. ते फोटो नव्हतेच. आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या दोघा चित्रकारांनी १९५९ पासून १९७१ पर्यंत ही चित्रे काढली. एक गाडी रंगवी, दुसरा माणसे आणि देखावा, आणि गाडी होती त्याहून रुंद काढीत. कंपनीने नव्या गाडीसाठी केले तर ती कला. मी जुन्या गाडीसाठी केले तर जतहून माणूस येतो.

बाकीचे चटकन सांगते. गाडी धुवावी आणि पूर्ण वाळवावी. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, आणि जाणत्या माणसाला नेमकी त्याचीच शंका येते. पहिला फोटो पुढल्या कोपऱ्यातून, तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा. पुढचे चाक थोडे वळवून ठेवावे म्हणजे त्याचा दर्शनी भाग आपल्याकडे येतो. मग प्रदक्षिणेसारखे चारही बाजूंनी. आतले फोटो सावलीत, फ्लॅशशिवाय. किल्ली फिरवून किलोमीटरचा आकडा, मागची सीट, डिकी, तिच्या तळची स्टेपनी, इंजिन. टायरवर शेवटी चार आकडे असतात, त्यांचाही घ्यावा. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. आपल्या घराचे फाटक, पाटी, लहान मुले फोटोत नकोत. नंबरप्लेट जाहिरातीत झाकावी, माणूस खरा आहे असे दिसल्यावर कळवावी.

फोटोआधी गाडीतल्या वस्तू काढाव्यात हे सांगायला सोपे आहे. पुढच्या कप्प्यात ह्यांच्या चष्म्याचे घर होते, बडीशेपेची पुडी होती, आणि पेट्रोल कधी किती भरले त्याची वही. मला त्यात अर्धा तास लागला. तेवढ्यात ऊन वर आले, आणि त्या दिवशीचे फोटो राहिले ते दुसऱ्या दिवशी काढले.

व्यंगांचे फोटो मात्र मी स्वतः, कोणाला न विचारता काढले. त्याचीही रीत आहे. पोचा समोरून दिसत नाही. एखाद्या सरळ वस्तूची, भिंतीच्या कडेची किंवा विजेच्या तारेची, छाया दारावर पडेल असे उभे राहायचे. जेथे ती रेघ वाकडी होते तेथे पोचा. पोचा लपवायचा असेल तर याच्या उलट करतात. एक फोटो लांबून, गाडीवर तो कोठे आहे हे कळावे म्हणून. एक जवळून, शेजारी रुपया धरून, केवढा आहे हे कळावे म्हणून. डाव्या दारावर एक, मागच्या बंपरवर ओरखडा एक. मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि त्या तपकिरी रेघेचा फोटो घेतला. सीटच्या रुळांना थोडा गंज होता, त्याचा घेतला. गालिचा उचलून खालच्या पत्र्याचा घेतला. तो स्वच्छ होता.

आणि ह्यांच्या मोबाईलमध्ये शोधता शोधता मला एक फोटो सापडला. १० ऑगस्ट २०१९. गच्चीवरून काढलेला. अंगणात चहाच्या रंगाचे पाणी, त्यात आमची गाडी, पाणी दाराच्या कडीखाली बोटभर. ह्यांनी तो विम्यासाठी काढला असावा. फोटो म्हणून वाईटच, तिरका आणि हललेला. पण पाणी कोठवर होते हे त्यात इंचाने मोजता येते. तो मी सगळ्यांत शेवटी लावला आणि खाली लिहिले : २०१९ च्या पुरात येथवर पाणी. इंजिन पाण्यात चालू केलेले नाही. दुरुस्तीची बिले आहेत.

भाचा रागावला. "मामी, आता कोण घेणार?" पहिला आठवडा फोन आलाच नाही, हे कबूल करते. रात्री दोन वेळा तो फोटो काढून टाकावा असे मनात आले. दहाव्या दिवशी मिरजेच्या एका परिचारिकेचा फोन आला. रात्रपाळीला जाण्यासाठी त्यांना गाडी हवी होती. त्यांनी विचारले ते पुराचे नाही, बिलांचे. त्या मेकॅनिक घेऊन आल्या, त्याने पट्टा ओढला, रेघ पाहिली आणि म्हणाला, "फोटोत आहे तीच." मग तो इंजिनाकडे वळला.

आम्ही २ लाख ४० हजार सांगितले होते, १ लाख ८५ हजारांना गेली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. त्या बाईंनी चहा घेतला, दोन कप. पेट्रोलची वही मी त्यांना दिली. त्या अजून तीत लिहितात असे परवा कळले.

सभेपूर्वी दोघी-तिघींनी मला आपापल्या गाड्यांचे विचारले. येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी शाळेच्या पटांगणात आहे. बसायला बादली मी आणीन. गाडी पुसायचे कोरडे फडके मात्र ज्याचे त्याने आणावे.